किल्ल्यातले मौलाना आणि त्यांच्या चिमण्या

रमजानमध्ये पहाटेची वेळ जागी होते. सहेरीसाठी घराघरांत दिवे लागतात, चुलीवर चहा चढतो, आणि फजरच्या अजानपर्यंत मोहल्ल्यात हलकी लगबग असते. अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात एक खोली मात्र वर्षाचे बाराही महिने त्या वेळी जागी असे. पहाटे तीन-चारच्या सुमारास एक कैदी उठायचा, स्वतःच्या हाताने चहा करायचा आणि लिहायला बसायचा. चहा चिनी, मोगऱ्याच्या वासाचा, बिनदुधाचा. हा कैदी म्हणजे काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे पीर होते, त्यांचे मुरीद दूरवर पसरलेले होते. पुढे कुटुंब कलकत्त्याला स्थायिक झाले. मुलाचे शिक्षण शाळेत नव्हे, घरीच झाले, आणि तेही कडक शिस्तीत. या मुलाचे खेळसुद्धा निराळे होते. घरातल्या पेट्या एका रांगेत मांडून तो त्यांची आगगाडी करी, वडिलांचा फेटा डोक्याला गुंडाळून तीत बसे आणि बहिणींना सांगे, की दिल्लीचे मौलाना आले आहेत, वाट द्या, असा पुकारा करा. इथे तर गर्दीच नाही, असे बहिणींनी म्हटले की तो सांगायचा, हा खेळ आहे, गर्दी आहे असे समजायचे. एरवी इतर मुले हुंदडत असताना हा डलहौसी स्क्वेअरमधल्या झाडीच्या आडोशाला पुस्तक घेऊन बसलेला असे. बालपण असे थोडक्यातच आटोपले.

तारुण्यात श्रद्धेचीही परीक्षा झाली. घरातून वारशाने मिळालेला विश्वास प्रश्नांपुढे टिकेना. काही वर्षे शंकेत गेली. मग जो ईमान परत आला, तो वडिलांकडून मिळालेला नव्हता, स्वतः शोधून काढलेला होता. आझाद हे टोपणनाव त्यांनी घेतले ते याच मोकळेपणाची खूण म्हणून. १९१२ साली त्यांनी कलकत्त्यात 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. इंग्रज सरकारने ते बंद पाडले, आणि १९१६ मध्ये मौलानांना रांचीला स्थानबद्ध केले. तिथेही ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी मदरसा उभारला आणि कुरआनच्या भाष्याचे काम चालू ठेवले. पोलिसांच्या झडत्यांत लिहिलेली पाने गेली, तरी काम सोडले नाही. 'तर्जुमान-उल-कुरआन'चा पहिला खंड अखेर १९३०च्या दशकात बाहेर पडला.

या भाष्यात कुरआनच्या पहिल्या सूरेचा, अल-फातिहाचा, विचार फार विस्ताराने केला आहे. अल्लाहचे पहिले वर्णन तिथे येते ते 'रब' या शब्दाने. मौलानांनी त्याचा अर्थ उलगडला तो असा, की रब म्हणजे नुसता मालक नव्हे, तर प्रत्येक जिवाला त्याच्या गरजेप्रमाणे, पायरीपायरीने वाढवणारा पालनकर्ता. हे पालन एका जमातीपुरते नाही, सगळ्या सृष्टीसाठी आहे. एकाच पालनकर्त्याची माणसे एकमेकांची वैरी कशी असतील, हा त्यांच्या राजकारणाचाही पाया होता.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला. अध्यक्षस्थानी मौलाना होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना अटक झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले, आणि कार्यसमितीच्या सदस्यांना नगरच्या किल्ल्यात. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, शंकरराव देव अशी सगळी माणसे एकाच आवारात आली. नेहरूंचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ इथेच लिहिला गेला. मौलानांनी इथे पत्रे लिहिली. ती होती अलीगढकडचे त्यांचे स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांच्या नावाने. पत्रे टाकायची सोय नव्हती, म्हणून ती लिहून ठेवून दिली. १९४६ मध्ये त्यांचेच 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. उर्दू गद्यात आजही त्याला तोड नाही.

या पत्रांत वेगळेच मौलाना भेटतात. मुलूखभर ज्यांच्या विद्वत्तेचा दरारा, ते इथे खेळकर होतात. नगरचा इतिहास त्यांना पाठ होता. मोगलांपुढे किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीची आठवण त्यांना आल्याआल्याच झाली. त्याच निजामशाही इतिहासातल्या एका हबशी किल्लेदाराच्या नावावरून त्यांनी तुरुंगाच्या साहेबाचे नाव ठेवले चीता खान, आणि ते सगळ्या कैद्यांच्या तोंडी बसले. ओसाड आवार खणून, बिया मागवून सगळ्यांनी फुलांची बाग केली.

आणि मग चिमण्या. खोलीच्या जुन्या लाकडी छतात त्यांची घरटी होती. लिहिताना डोक्यावर काड्या पडायच्या, कलकलाट थांबायचा नाही. मौलानांनी आधी लढाई पुकारली. छत्री घेतली, मग बांबू घेतला, चिमण्यांना पिटाळले आणि विजयी होऊन बसले. थोड्या वेळात सारी फौज परत जागेवर! शेवटी हार मानली आणि तह केला. तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात झाली. पहिले काही दिवस दुरून, मग जवळून, मग थेट बसण्याच्या जागेपाशी. चिमण्या धीट होत गेल्या. त्यांना नावे मिळाली. सर्वांत बेधडक तो कलंदर. भांडखोर तो मुल्ला. एक सूफी, एक मोती.

मोतीच्या एका पिलाची हकिगत मौलानांनी मन लावून लिहिली आहे. पिलू उडायला तयार नव्हते. डोळे मिटून, अंग आकसून पडून राहायचे. आई खटपट करून थकली. मग एका क्षणी त्याच्यात काहीतरी जागे झाले, त्याने मान उचलली, पंख पसरले आणि ते हवेत झेपावले. पंख आधीही होते, आकाशही होते. आपण उडू शकतो ही जाणीव तेवढी नव्हती, असे मौलानांनी त्यातून घेतले. तवक्कुल म्हणजे अल्लाहवरचा भरवसा समजावताना पैगंबरांनीही पाखराचाच दाखला दिला होता. ते सकाळी उपाशी पोटी निघते आणि सांजेला तृप्त होऊन परतते. निघणे मात्र त्याचे त्यालाच पडते.

चिमण्यांची ही पत्रे मार्च १९४३ची आहेत. त्याच दिवसांत कलकत्त्यात मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रकृती ढासळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारला काही कळवायचे असेल तर लगेच पाठवतो, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी स्पष्ट नकार दिला. ज्या सरकारशी लढा, त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागायचे नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम गेल्या. ३६ वर्षांचा संसार निरोपाच्या भेटीशिवाय संपला.

बाहेरून पाहणाऱ्याला मौलाना अढळ दिसले. जेवणाची वेळ चुकली नाही, दिवसाचा क्रम मोडला नाही. पण दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी काही लपवले नाही. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावले वाजली की काळीज धडधडायचे, आणि तरी आपण लिहिण्यात गढलो आहोत असे दाखवायचे. तो शांतपणा बराचसा सोंग होता, हे त्यांनी कबूल केले. आवारात एक जुनी कबर होती. कुणाची ते ठाऊक नव्हते. ती त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, आता मात्र तिच्याविषयी निराळीच माया वाटू लागली. एका संध्याकाळी ते तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले आणि त्यांना मुतम्मिम या जुन्या अरबी कवीने भावासाठी लिहिलेला शोक आठवला. काही महिन्यांत भोपाळहून बहीण गेल्याचीही बातमी आली.

मोठ्या माणसाचे धैर्य म्हणजे डोळे कोरडे ठेवणे, असे आपण मानतो. मौलाना जे सांगून गेले ते याहून खरे आहे. मूल भीती लपवत नाही, तरी अंधारात कुणाचा तरी हात धरून चालत राहते. सब्रही तसाच. दुःख नाही असे म्हणणे म्हणजे सब्र नव्हे. दुःख आहे, तरीही पहाटे उठणे, चहा करणे, चिमण्यांना दाणे टाकणे आणि कलम हाती धरणे, हा सब्र.

एप्रिल १९४५ मध्ये मौलानांना नगरहून बंगालमधल्या बांकुड्याला हलवले, आणि १५ जूनला सुटका झाली. हावड्याला स्वागताला गर्दी लोटली होती, बँड वाजत होता. मौलानांनी तो थांबवायला सांगितले. गाडी आधी कबरस्तानाकडे घेतली. गाडी हारांनी भरली होती, त्यांतला एक जुलेखा बेगमच्या कबरीवर वाहिला आणि मनातल्या मनात फातिहा म्हटली. तीच सूरा, जिच्या 'रब' या शब्दावर त्यांनी इतकी पाने लिहिली होती.

फाळणीनंतर दिल्लीचे मुसलमान भेदरून घरे सोडून निघाले, तेव्हा हेच मौलाना जामा मशिदीत उभे राहिले. कुठे चाललात, हा देश तुमचाच आहे, असे त्यांनी कळकळीने विचारले. पळणाऱ्यांना त्यांनी आठवण दिली ती त्यांच्या स्वतःच्या बळाची. पुढे अकरा वर्षे ते देशाचे शिक्षणमंत्री होते. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामा मशिदीजवळच आहे, आणि त्यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

नगरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांच्या त्या खोल्या तिथे जपून ठेवल्या आहेत. त्यांतल्या एका खोलीत, तुरुंगाच्या भिंतीआड, एका पन्नाशी ओलांडलेल्या आलिमाने आपले राहून गेलेले बालपण चिमण्यांकडून परत मिळवले. उद्या सहेरीला उठलेल्यांनी अंगणात मूठभर तांदूळ टाकायला हरकत नाही.