गोविंद बल्लाळ देवल

गोविंद बल्लाळ देवल (१३ नोव्हेंबर १८५५ – १४ जून १९१६) हे मराठी नाटककार, पदकार आणि नाट्यशिक्षक होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी घडविलेल्या संगीत नाटकाची परंपरा पुढे नेणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. त्यांच्या नावावर सात नाटके असून त्यांपैकी ‘संगीत शारदा’ हे एकच स्वतंत्र आहे. उरलेली संस्कृत, इंग्रजी व फ्रेंच कृतींवर आधारलेली आहेत. ‘दिग्दर्शक’ हा शब्द रूढ होण्यापूर्वीच्या काळात नाटक बसविणाऱ्यास ‘तालीममास्तर’ म्हणत. देवलांनी हे काम आयुष्यभर केले आणि नटांच्या दोन पिढ्या घडविल्या.

पार्श्वभूमी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग केला. त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत पदे म्हणण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे आणि पात्रे आपली भाषणे बहुधा आयत्या वेळी रचून करीत. राक्षसांच्या आरोळ्या, देवतांचे प्रवेश आणि युद्धप्रसंग हे या नाटकांचे आकर्षण होते. लिखित संहिता, ठरलेले संवाद आणि पात्राच्या स्वभावानुसार अभिनय या गोष्टींना तेथे फारसे स्थान नव्हते.

इंग्रजी शिक्षण घेतलेला वर्ग वाढू लागला, तशी शेक्सपिअर आणि कालिदास यांची नाटके भाषांतरित होऊन रंगभूमीवर येऊ लागली. या नाटकांना ‘बुकिश’ नाटके म्हणत. पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे पाठ करून ते बोलल्यासारखे वाटावे कसे, हा प्रश्न नटांपुढे प्रथमच उभा राहिला. देवलांचे कार्य या प्रश्नापासून सुरू होते.

जीवन

देवलांचे बालपण सांगलीजवळील हरिपूर येथे गेले. त्यांचे शिक्षण बेळगाव येथे झाले. तेथेच त्यांचा अण्णासाहेब किर्लोस्करांशी संबंध आला आणि देवल त्यांना गुरू मानू लागले. शिक्षण संपल्यावर देवलांनी काही काळ बेळगावच्या हायस्कुलात शिक्षकाची नोकरी केली. पुढे ते पुण्यास आले.

पुण्यात १८७९ च्या सुमारास आर्योद्धारक नाटक मंडळी स्थापन झाली. तिच्या चालकांत शंकरराव पाटकर यांच्यासह देवल होते. सुशिक्षित तरुणांनी एकत्र येऊन उभारलेली ही मंडळी होती. नाटक हा केवळ पोटासाठी करावयाचा धंदा नसून अभ्यासाचा विषय आहे, अशी तिची भूमिका होती. त्या काळी नाटकात काम करणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. शिक्षकाचा पेशा पत्करलेल्या माणसाने रंगभूमीवर उभे राहणे म्हणजे लौकिक पणाला लावण्यासारखे होते. ही मंडळी फार काळ टिकली नाही, परंतु तिच्या प्रयोगांतून देवलांना गद्य नाटक बसविण्याचा अनुभव मिळाला.

किर्लोस्कर नाटक मंडळी

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ या नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. सूत्रधाराकडची पदे या नाटकाने पात्रांच्या मुखी दिली आणि गद्य संवाद व पदे यांची सांगड घातली. युरोपीय ऑपेरात आरंभापासून अखेरपर्यंत बहुतेक सर्व काही गायिले जाते आणि रचनाकाराचे संगीत सर्वोपरी असते. मराठी संगीत नाटकात मात्र बोलणे आणि गाणे यांची ये-जा सतत चालू राहते. त्यामुळे उत्तम गाणारा नट मिळाला, तरी त्याला बोलण्यातून पदाकडे आणि पदातून पुन्हा बोलण्याकडे सहज वळता येणे आवश्यक होते. हे वळण शिकविण्याचे काम तालमीत होई.

देवल किर्लोस्कर मंडळीशी निकटपणे जोडले गेले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेबांचे निधन झाले आणि ‘रामराज्यवियोग’ हे त्यांचे नाटक अपुरे राहिले. मंडळीजवळ भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गायक नट होते, पण नवे नाटक लिहिणारा कोणी उरला नव्हता. जुन्या दोन-तीन नाटकांवर मंडळी किती दिवस चालणार, हा प्रश्न होता. देवलांच्या लेखणीने ही उणीव भरून काढली.

शूद्रकाच्या संस्कृत प्रकरणावरून त्यांनी ‘मृच्छकटिक’ (१८८७) रचले. त्यातील वसंतसेनेची भूमिका भाऊराव कोल्हटकरांनी गाजविली. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून त्यांनी ‘शापसंभ्रम’ (१८९३) लिहिले. ‘दुर्गा’ (१८८६) हे इंग्रजी नाटकावर, तर ‘विक्रमोर्वशीय’ (१८८९) हे कालिदासाच्या नाटकावर आधारलेले आहे.

तालीममास्तर

देवलांच्या शिकवणीचा प्रभाव संगीत नाटकापुरता मर्यादित नव्हता. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे त्यांनी केलेले ‘झुंजारराव’ (१८९०) हे रूपांतर शाहूनगरवासी नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. या गद्य नाटकात गणपतराव जोशी यांनी झुंजाररावाची आणि बळवंतराव जोग यांनी कमळजेची भूमिका केली. मूळ नाटकातील नावे, रीतिरिवाज आणि वातावरण बदलून देवलांनी ते मराठी प्रेक्षकाला आपले वाटेल असे केले. गणपतराव जोशींच्या कीर्तीत या भूमिकेचा मोठा वाटा आहे.

देवलांच्या शिकवणीचे सूत्र साधे होते. वाक्याचा अर्थ आधी नटाला कळला पाहिजे, मगच त्याने ते उच्चारावे. शब्दोच्चार स्वच्छ असावा, आघात अर्थानुसार पडावा आणि हावभाव पात्राच्या वयाला व स्थितीला शोभावे, असा त्यांचा आग्रह असे. पद हे त्यांच्या मते संवादाचेच पुढचे पाऊल होते. गाताना शब्द हरवले, तर पात्र हरवते. म्हणूनच स्वतःच्या नाटकांतील पदांसाठी त्यांनी साकी, दिंडी, ओवी, कामदा यांसारखे परिचित छंद आणि कीर्तनातील, लावणीतील व घरगुती गाण्यांतील ओळखीच्या चाली वापरल्या. चाल आधीच कानावर असल्यामुळे प्रेक्षकांचे लक्ष शब्दांकडे राही.

याच सुमारास श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ (१८९६) किर्लोस्कर मंडळीने केले. कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या धर्तीच्या चाली आणि कोटिबाज संवाद आणले. प्रेक्षकांना ही नवलाई आवडली. देवलांनी मात्र आपली साधी, घरगुती भाषा आणि तिला साजणाऱ्या चाली सोडल्या नाहीत.

गणपतराव बोडस यांच्या अभिनयाला देवलांनी वळण दिले. बोडसांनी ‘माझी भूमिका’ या आत्मचरित्रात देवलांचे ऋण कृतज्ञतेने मान्य केले आहे. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनाही आरंभीच्या भूमिकांची तालीम देवलांकडून मिळाली. गोड गळा त्यांना लाभलेला होता. संवादातील मार्दव आणि स्त्रीभूमिकेतील संयम यांवर देवलांनी मेहनत घेतली.

संगीत शारदा

‘संगीत शारदा’चा पहिला प्रयोग १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने इंदूर येथे केला. त्या काळी मंडळ्यांचे दौरे लोहमार्गाच्या आधाराने होत. अहमदनगरवरून जाणारा धोंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली खुला झाल्यापासून पुण्याहून खानदेश आणि इंदूरच्या दिशेने जाणे सोपे झाले होते. मराठी नाटकाचा प्रेक्षक अशा रीतीने पुणे-मुंबईच्या पलीकडे पसरला होता.

नाटकाचा विषय जरठ-कुमारी विवाह हा आहे. धनलोभी कांचनभट आपली अल्पवयीन मुलगी शारदा हिचा विवाह भुजंगनाथ या श्रीमंत वृद्धाशी लावण्यास तयार होतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ हे लग्न जुळवितो. आई इंदिराकाकूला हे पसंत नसले, तरी तिचे घरात चालत नाही. कोदंड हा तरुण ऐन लग्नाच्या वेळी वधू-वर सगोत्र असल्याचे उघड करून विवाह मोडतो. अर्धवट झालेल्या विधीमुळे शारदेची स्थिती अधिकच बिकट होते आणि ती जीव देण्यास निघते. कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचा विवाह होतो.

संगीत नाटकाने तोवर पुराण आणि संस्कृत काव्य यांतून कथानके घेतली होती. देवलांनी प्रथमच समकालीन मराठी घरातील प्रश्न संगीत नाटकाच्या केंद्रस्थानी आणला. रखमाबाई खटला आणि १८९१ चा संमतिवयाचा कायदा यांमुळे विवाहाच्या वयावरून समाजात तीव्र वाद झाले होते. सरकारने धर्मात हात घालू नये, असे मानणारा मोठा वर्ग होता आणि तोच वर्ग नाटकाला तिकीट काढून येत असे. प्रेक्षक दुखावला, तर मंडळीचे उत्पन्न बुडणार, ही जोखीम खरी होती.

देवलांनी यासाठी उपदेशाचा मार्ग टाळला. भुजंगनाथाचे तरुण दिसण्याचे आटापिटे प्रेक्षकांना हसवितात, पण त्या हसण्याच्या पाठोपाठ शारदेची भीती समोर येते. मैत्रिणींच्या थट्टेतून आणि मायलेकींच्या बोलण्यातून मुलीच्या असहायतेचे चित्र उभे राहते. विवाह मोडण्यासाठी देवलांनी कायद्याऐवजी सगोत्राचा शास्त्रार्थ वापरला आणि शेवटही धर्मपीठाच्या आज्ञेने केला. वयाच्या अंतराचा मूळ अन्याय त्यामुळे बाजूला पडतो, असा आक्षेप या शेवटावर घेतला जातो. शास्त्र मानणाऱ्या प्रेक्षकालाही नाकारता येणार नाही असा निकाल मात्र त्यातूनच साधला गेला.

नाटकाने मिळविलेली लोकप्रियता दीर्घकाळ टिकली. त्यातील पदे घरोघरी पोहोचली आणि म्हाताऱ्या नवऱ्याला ‘भुजंगनाथ’ म्हणण्याची रीत पडली. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणतात, तेव्हा हे नाव या नाटकावरून पडले असा समज आढळतो. प्रत्यक्षात अजमेरचे हरबिलास सारडा यांनी विधेयक मांडल्यामुळे त्यांच्या आडनावावरून तो ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला गेला. मराठी मुखात ‘सारडा’चे ‘शारदा’ सहज झाले, यावरून नाटकाची पकड लक्षात येते. १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेल्या या कायद्याने विवाहाचे किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ वर्षे ठरविले. तेव्हा नाटकाच्या पहिल्या प्रयोगास ३१ वर्षे उलटली होती.

अखेरची वर्षे

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीसाठी देवलांनी आपल्या ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या जुन्या गद्य प्रहसनाला पदांची जोड दिली. फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या ‘स्गानारेल’वरून आर्थर मर्फी याने ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक लिहिले होते. देवलांचे प्रहसन त्यावर आधारलेले होते. नव्या रूपाला ‘संगीत संशयकल्लोळ’ हे नाव मिळाले. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती आणि भादव्या ही पात्रांची नावे महिने व नक्षत्रे यांवरून घेतलेली आहेत.

संगीत रूपातील हे नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे देवलांच्या नशिबी नव्हते. १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व मंडळीने ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग केला. बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती या भूमिका विशेष गाजल्या. दोघेही देवलांच्या तालमीत तयार झालेले नट होते.

वारसा

‘शारदा’, ‘मृच्छकटिक’ आणि ‘संशयकल्लोळ’ यांचे प्रयोग व्यावसायिक मंडळ्यांचा काळ संपल्यानंतरही हौशी संस्था करीत राहिल्या. सांगलीत त्यांच्या नावाने उभी राहिलेली देवल स्मारक मंदिर ही संस्था संगीत नाटकांचे प्रयोग करते. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद त्यांच्या स्मृतिदिनी, १४ जून रोजी, नाट्यकर्मींना पुरस्कार देते.

देवलांनी तालमीविषयी ग्रंथ लिहिला नाही. त्यांची पद्धत नटांकडून नटांकडे गेली. पदाचा अर्थ समजून गाणे आणि वाक्याचा अर्थ समजून बोलणे हा आज प्राथमिक वाटणारा नियम मराठी रंगभूमीवर रुजविण्याचे श्रेय ज्या थोड्या लोकांना जाते, त्यांत देवलांचे स्थान वरचे आहे.