संकर नव्हे, वेगळंच कासव!

समुद्री कासवं सगळी सारखीच, असं वाटतं ना? मग आर्ची कार (१९०९-१९८७) यांची गोष्ट वाचाच. हे फ्लोरिडा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ. तिथले मच्छीमार एका छोट्या, करड्या, जवळपास गोल कासवाला संकर म्हणायचे. का, तर त्याला अंडी घालताना कुणी पाहिलंच नव्हतं! कार यांना ते पटेना. कवच बघा ना, मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना हिरव्या कासवाचे चार-चार खवले, याचे पाच-पाच. लॉगरहेडचेही पाचच, पण ते लालसर-तपकिरी आणि डोकं भलंमोठं. कार यांनी वर्षानुवर्षं किनारे पालथे घातले. शेवटी १९६१मध्ये १९४७ची एक फिल्म समोर आली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भरदिवसा हजारो माद्या! हेच केम्प्स रिडले, आपल्या वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेचं भावंड. कार गेले तेव्हा तिथे जेमतेम काहीशे माद्या उरल्या होत्या.