विश्लेषण : पानिपतचा पराभव कागदांतून उलगडणारे त्र्यंबक शंकर शेजवलकर कोण होते?

पानिपतची मोहीम पुण्याहून निघाली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सदाशिवरावभाऊंनी १४ मार्च १७६० रोजी कूच केले ते पटदूरहून, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातील परतूरहून. उदगीरला निजामाला नमवून मराठी फौज तेव्हा याच भागात होती. दहाच महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर तिची धूळधाण झाली.

असे का झाले, याचा शोध इतिहासकार त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी वर्षानुवर्षे घेतला. त्यांचा जन्म २५ मे १८९५ चा, राजापूर तालुक्यातील कशेळीचा. ‘प्रगती’ साप्ताहिकाचे संपादन करून झाल्यावर १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मराठ्यांचा इतिहास शिकवू लागले. त्यांचे ‘पानिपत १७६१’ आधी इंग्रजीत आले, १९४६ मध्ये. मराठी पुस्तक १९६१ चे, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हाचे.

पानिपतावर लिहिलेले कमी नव्हते. भाऊसाहेबांची बखर होती, काशीराजाची फारसी हकिकतही होती. पण काशीराजाने ती लिहिली १७८० मध्ये, लढाईनंतर १९ वर्षांनी. शेजवलकरांनी अशा वर्णनांपेक्षा त्या वेळच्या पत्रांवर भर दिला. फिरत आलेला फॉरवर्ड आणि मूळ मेसेज यांत जो फरक, तोच हा.

भाऊ गर्विष्ठ म्हणून सगळे बुडाले, हे सोपे उत्तर त्यांनी मानले नाही. तोफा पुढे, बिनलढाऊ माणसे मध्ये, अशा गोलाने लढत बाहेर पडायची योजना होती. काही पथकांनी जागा सोडली आणि गोल फुटला, अशी त्यांची मांडणी. अब्दालीसारख्या परक्याला हिंदुस्थानात पाय रोवू न देणे हा मराठ्यांचा हेतू होता, हेही त्यांनी ठासून मांडले. हे सर्वांना पटले असे नाही. पण पानिपतावर लिहिणाऱ्याला त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

लढाई त्यांना सुटी दिसत नसे. निजाम-पेशवे संबंध असोत वा कोकणचा इतिहास, भूगोल आणि समाज तपासल्याशिवाय ते निष्कर्ष काढत नसत. या पद्धतीला वेळ फार लागतो. १९५५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी शिवचरित्र हाती घेतले, पण २८ नोव्हेंबर १९६३ रोजी ते गेले. मागे उरली प्रस्तावना, आराखडा आणि जमवलेली साधने. तेवढेच ‘श्री शिवछत्रपती’ या नावाने १९६४ मध्ये छापले गेले आणि त्याला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.