संत फ्रान्सिस : देह, वस्त्र आणि संयम

इटलीतील असिसी या डोंगरावरील नगरात इ. स. ११८२ च्या सुमारास फ्रान्सिस यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे धनाढ्य व्यापारी. घरात उंची वस्त्रांना तोटा नव्हता आणि तरुण फ्रान्सिस यांना नटण्याची, मेजवान्यांची व शौर्य गाजविण्याची हौसही मोठी होती. १२०२ साली शेजारच्या पेरुजा नगराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले. सुमारे वर्षभराचा बंदिवास आणि पाठोपाठ आलेले आजारपण यांनी त्यांना अंतर्मुख केले. कुष्ठरोग्यांची त्यांना विलक्षण किळस वाटे. पण एकदा वाटेत असा रोगी दिसताच ते घोड्यावरून उतरले आणि त्याच्या हाताचे त्यांनी चुंबन घेतले. मानवी देहाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी तेथून पालटली.

सान दामियानोच्या पडक्या चर्चच्या दुरुस्तीसाठी त्यांनी वडिलांच्या दुकानातील कापड विकले. संतापलेल्या वडिलांनी त्यांना धर्माध्यक्षांपुढे उभे केले. तेव्हा भरसभेत फ्रान्सिस यांनी पैशांबरोबर अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या स्वाधीन केले. धर्माध्यक्षांनी आपल्या झग्याने त्यांचे अंग झाकले.

पुढे जाडाभरडा झगा व कमरेला दोरी हाच त्यांचा वेष झाला. १२२३ साली त्यांच्या संघाची नियमावली पोपने मान्य केली. तीत साधूंनी हलके कपडे वापरावेत, फाटल्यास गोणपाटाची ठिगळे लावावीत आणि गरज असेल त्यानेच पादत्राणे घालावीत, असे सांगितले आहे. त्याच नियमात आणखी एक ताकीद आहे : मऊ व रंगीत वस्त्रे नेसणाऱ्यांना साधूने तुच्छ लेखू नये, प्रत्येकाने स्वतःचीच झडती घ्यावी. साध्या वेषाचाही गर्व होऊ शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

देहाला ते आपला गाढवभाऊ म्हणत. ओझे वाहणाऱ्या जनावराला शिस्त हवी, तसा चाराही हवा. एका रात्री उपवासाने व्याकूळ झालेला एक सहकारी कळवळून ओरडला. फ्रान्सिस उठले, पाने मांडावयास लावली आणि त्याला एकट्याने खाण्याची लाज वाटू नये म्हणून स्वतःही त्याच्यासोबत जेवले. काही साधू देहदंडासाठी अंगावर लोखंडी कडी वापरतात हे कळताच त्यांनी ती काढून टाकण्याची आज्ञा दिली.

इतरांच्या बाबतीतला हा विवेक त्यांनी स्वतःच्या बाबतीत मात्र पाळला नाही. कडक उपवास आणि अखंड भ्रमंती यांनी शरीर खंगले, दृष्टी अधू झाली; तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपचारही त्यांनी सोसला. अखेरच्या काळात, आयुष्यभर इमानाने राबलेल्या या देहावर आपण अन्याय केला, असे त्यांनी कबूल केले. ३ ऑक्टोबर १२२६ रोजी, स्वतःच्या इच्छेनुसार उघड्या जमिनीवर निजून, त्यांनी प्राण सोडला.

त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच, १३२१ साली, त्यांच्या संघाचे साधू ठाण्यापर्यंत पोहोचले होते. जुन्या गोव्यात त्यांच्या नावाचे भव्य चर्च आजही उभे आहे. संयमाची कठोरता स्वतःसाठी आणि करुणा इतरांसाठी, हा फ्रान्सिस यांचा मार्ग होता. त्या करुणेत स्वतःच्या देहाचाही वाटा आहे, हे त्यांना उशिरा उमगले. येणाऱ्या पिढ्यांनी ते वेळीच जाणावे.