राणीसाठीचं घड्याळ ४४ वर्षांनी पूर्ण झालं, तोवर ना राणी होती ना कारागीर

१७८३. पॅरिसमध्ये अब्राहम-लुई ब्रेगे यांच्याकडे एक ऑर्डर आली. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी घड्याळ हवं होतं. तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या करामती त्यात हव्यात, जमेल तिथे सोनंच वापरायचं. पैशाची मर्यादा नाही, वेळेचीही नाही.

ब्रेगेंचा जन्म १७४७ चा, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचा. वडील लवकर गेले, सावत्र वडील घड्याळाच्या धंद्यातले. त्यामुळे पोरगा किशोरवयातच फ्रान्सला काम शिकायला गेला आणि १७७५ मध्ये पॅरिसला स्वतःचा कारखाना थाटून बसला.

मग क्रांती झाली. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला, ब्रेगे जीव वाचवून स्वित्झर्लंडला गेले. १७९५ मध्ये परतले तेव्हा श्रीमंत गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मग त्यांनी एकाच काट्याचं साधं घड्याळ काढलं. पाव किंमत आधी घ्यायची, बाकीची घड्याळ देताना. आजचं प्री-बुकिंगच की!

१८०१ मध्ये त्यांनी टूर्बियाँचं पेटंट घेतलं. खिशातलं घड्याळ बहुतेक वेळ उभंच असतं, गुरुत्वाकर्षणामुळे त्याची चाल बिघडते. ब्रेगेंनी चाल सांभाळणारे भाग एका छोट्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला, म्हणजे सगळ्या बाजूंच्या चुका एकमेकींना खोडतात.

राणीचं घड्याळ मात्र अपुरंच होतं. १८२३ मध्ये ब्रेगे गेले. १८२७ मध्ये त्यांच्या मुलाच्या हाताखाली, ८२३ भाग जुळवून, ते पूर्ण झालं. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २००७ मध्ये परत मिळालं.