चार्ली ख्रिश्चन : पंचवीस वर्षांचा गिटारवाला

चरित्र विशेषांकासाठी नावं मागवली तेव्हा मी मंडळाच्या ग्रुपवर चार्ली ख्रिश्चन असं टाकलं. दोन मिनिटांत पहिला प्रश्न आला, हे कुठले संत? मला चर्चमधलं जरा जास्त माहीत असतं असा इथे समज आहे, त्यामुळे प्रश्नाचं नवल वाटलं नाही. तर सुरुवातीलाच सांगून टाकते. ख्रिश्चन हे त्याचं आडनाव. तो संत वगैरे नव्हता. अमेरिकेतला कृष्णवर्णीय जॅझ गिटारवादक होता, पंचवीस वर्षं जगला, आणि त्यातली दोन वर्षंसुद्धा नीट नाहीत, एवढाच काळ जगाने त्याला ऐकलं. आज रॉक असो, ब्लूज असो, नाहीतर आपल्या सिनेमातली गाणी असोत, गिटार जिथे जिथे पुढे येऊन एकटी बोलते तिथे त्याचं थोडंफार देणं आहेच.

त्याच्यापर्यंत मी पोचले ती बासरमुळे. मी बासरची. जुना आदिलाबाद जिल्हा, आता निर्मल. नांदेड-परभणीकडची माणसं लेकरांना पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला आमच्या गावी आणतात, त्यामुळे वीणा धरलेली सरस्वती माझ्या लहानपणापासून शेजारी आहे, आम्ही मिस्साला निजामाबादला जाणारे असलो तरी. नवरात्रात एकदा एका कार्यक्रमाला मैत्रिणीबरोबर गेले होते. वीणा वाजवणाऱ्या बाईंनी सुरुवात करण्याआधी पिशवीतून रुपयाएवढी एक चकती काढली, वीणेच्या लाकडाला चिकटवली, वायर जोडली. मग वीणा पार मागच्या बायकांपर्यंत पोचली. मध्येच वायर निघाली तेव्हा बाई वाजवतच होत्या, पण आम्हाला फक्त त्यांची बोटं दिसत होती. मी चर्चच्या कॉयरमध्ये गिटार वाजवते. ऑर्गन आणि ढोलक सुरू झाले की माझीही फक्त बोटंच दिसतात. म्हणून ती चकती डोक्यातून जाईना. शोधत शोधत गेले ती चार्लीपाशी थांबले.

चार्लीचा जन्म 29 जुलै 1916चा, टेक्सासमधल्या बॉनहॅम गावातला. तो लहान असतानाच कुटुंब ओक्लाहोमा सिटीला गेलं. वडील गाणारे-वाजवणारे होते आणि अंध झाले होते. एडवर्ड, क्लॅरन्स आणि चार्ली ही तीन मुलं आणि वडील गोऱ्यांच्या वस्तीत दारोदार जाऊन वाजवायचे आणि मिळेल ते घेऊन परत यायचे. आपल्याकडे आंधळ्या बापाचा हात धरून पेटी वाजवत रेल्वेच्या डब्यात फिरणारी पोरं असतात ना, तसंच. चार्ली आधी तिथे नुसता नाचायचा, मग गिटार शिकला.

शाळा डग्लस नावाची, काळ्या मुलांची. तिथे संगीत शिकवायला झेलिया ब्रो नावाच्या बाई होत्या. त्या भागातल्या कितीतरी वादकांच्या आयुष्यात त्यांचं नाव येतं. चार्लीला सॅक्सोफोन हवा होता, बाईंनी ट्रंपेट घ्यायला सांगितलं. ट्रंपेटने ओठ बिघडेल असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तो नाद सोडला आणि बेसबॉल खेळायला गेला. पुढे मोठा कादंबरीकार झालेला राल्फ एलिसन याच शाळेत होता. चार्ली हस्तकलेच्या तासाला सिगारच्या रिकाम्या खोक्यांच्या गिटारी बनवायचा, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सॅक्सोफोनची हौस मात्र फिटली नव्हती. त्याची गिटार ऐका, त्यात सॅक्सोफोनच ऐकू येतो. एका पाठोपाठ एक सुटा स्वर, लांब वाक्य, मध्ये श्वास घेतल्यासारखी जागा.

मोठा भाऊ एडवर्ड पियानो वाजवायचा आणि त्याचा स्वतःचा बँड होता. धाकट्याला तो स्टेजवर घ्यायला तयार नव्हता. (घरातल्या धाकट्यांना हे वेगळं सांगायला नको.) मग बँडमधल्याच एका गिटारवाल्याने चार्लीला गुपचूप तीन गाणी पक्की करून दिली. त्यातलं एक होतं रोज रूम. हे नाव लक्षात ठेवा. एका रात्री चार्लीला स्टेजवर बोलावलं गेलं, आणि भावासकट सगळे बघत राहिले.

पण त्या काळी बँडमध्ये गिटारवाल्याचं काम काय, तर ताल धरणं. समोर ट्रंपेट, सॅक्सोफोन, मागे ड्रम, आणि मध्ये लाकडाची एक पोकळ पेटी. तिचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जायचा नाही. एकट्याने काही सांगावं एवढा आवाजच तिच्यात नव्हता. आणि आवाज नसला की लोकांना वाटतं, याच्याकडे सांगायलाच काही नाही.

याला तोडगा निघाला तो विजेचा. तार पोलादाची असते. तिच्याखाली लोहचुंबक ठेवायचा आणि त्याला केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो-हजारो वेढे द्यायचे. पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, आणि वेढ्यांमध्ये अगदी किंचित वीज उमटते, तारेच्या कंपनाच्याच आकाराची. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलीच ही गोष्ट, जी आपण बारावीत पाठ केली. ती वीज अँप्लिफायरमध्ये मोठी करायची आणि स्पीकरला द्यायची. या चुंबक-वेढ्यालाच पिकअप म्हणतात. तो हवेतला आवाज ऐकत नाही, माइकसारखा. तो फक्त तार ‘बघतो’. म्हणून नायलॉनच्या तारांवर तो मुका असतो. वीणेवरची ती चकती वेगळी, ती लाकडाचा कंप पकडते.

पहिली विजेची गिटार 1930च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरने आणली, पण ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची. उभी धरायच्या गिटारीत हे नीट बसवलं ते गिब्सन कंपनीने, 1936 साली. मॉडेलचं नाव ईएस-150. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, आणि गिटार, अँप नि वायर मिळून किंमतही दीडशे डॉलरच्या आसपास. पिकअप कंपनीच्या वॉल्टर फुलरने तयार केला होता. वरून दिसायला छोटासा, तारांखाली पोलादाची एक सरळ पट्टी आणि भोवती वेढे. खरं वजन आत होतं. दोन जाडजूड चुंबक गिटारच्या पोटात लपवलेले आणि वरून तीन स्क्रूंनी लटकवलेले. लाकडाच्या नाजूक पाटीवर एवढं ओझं, म्हणून आवाज जरा जाड, गोल, गुळासारखा यायचा. माझ्या स्वस्तातल्या पिकअपचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा आहे, हे जाता जाता.

ही गिटार चार्लीला कशी गवसली त्यात एडी ड्यूरहॅमचं नाव येतं. हा ट्रॉम्बोन आणि गिटार दोन्ही वाजवायचा आणि विजेची गिटार वापरणाऱ्या पहिल्या जॅझवाल्यांतला होता. ओक्लाहोमा सिटीत दोघांची गाठ पडली. पुढे चार्लीच्या हातात ईएस-150 आली. तेव्हा तो गावातल्या रिट्झ कॅफेत वाजवायचा, रात्रीचे अडीच डॉलर, आठवड्यातून तीन रात्री. या मजुरीत दीडशे डॉलर म्हणजे वीस आठवड्यांची कमाई.

आता 1939चा ऑगस्ट. मेरी लू विल्यम्स या पियानोवादक बाईंनी जॉन हॅमंडला चार्लीचं नाव सांगितलं. हॅमंड श्रीमंत घरातला, गोरा, आणि चांगले कृष्णवर्णीय वादक हुडकून त्यांच्या रेकॉर्ड काढणं हे त्याचं वेडच होतं. तो ओक्लाहोमा सिटीला जाऊन चार्लीला ऐकून आला आणि त्याला थेट लॉस एंजेलिसला बोलावून घेतलं, बेनी गुडमनसमोर. गुडमन म्हणजे त्या वेळचा स्विंगचा राजा. तेवीस वर्षांचा चार्ली आला तो मोठी हॅट, जांभळा शर्ट आणि पिवळे बूट घालून. गुडमनला हे ध्यान बघूनच कंटाळा आला. त्याने चार्लीला अँपची पिन लावायलाही वेळ दिला नाही. तशाच मुक्या गिटारवर थोडं वाजवून घेतलं आणि विषय संपवला.

मला ही जागा सगळ्यात टोचते. माणूस तोच, बोटं तीच, आणि पिन नाही म्हणून परीक्षाच झाली नाही. तरी निकाल लागला.

त्याच संध्याकाळी बेव्हर्ली हिल्सच्या व्हिक्टर ह्यूगो रेस्टॉरंटमध्ये गुडमनचा कार्यक्रम होता. मध्यंतरात तो जेवायला गेला तेव्हा हॅमंड आणि बँडमधला बासवादक आर्टी बर्न्स्टीन यांनी चार्लीचा अँप गुपचूप स्टेजवर नेऊन ठेवला. गुडमन परत आला तर स्टेजवर हा पिवळ्या बुटांचा पोरगा बसलेला. चारचौघांत तमाशा नको, म्हणून त्याने याला येणार नाही असं एक गाणं निवडलं. रोज रूम. भावाच्या बँडमधल्या त्या माणसाने चोरून शिकवलेलं तेच. चार्लीने पहिलं आवर्तन घेतलं, दुसरं घेतलं, आणि दर वेळी नवं. गाणं चाळीसेक मिनिटं चाललं असं सांगतात. एरवी तीन मिनिटांत संपणारी चीज! चार्लीला नोकरी मिळाली, आठवड्याला दीडशे डॉलर.

यानंतरचं भराभर सांगते, कारण ते भराभरच घडलं. गुडमनच्या सेक्स्टेटमध्ये तो आला, व्हायब्रफोनवर लायनेल हॅम्प्टन. ऑक्टोबर 1939 मध्ये रेकॉर्ड निघायला लागल्या, नाताळच्या आदल्या रात्री कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं, डाउनबीट मासिकाच्या वाचकांनी लागोपाठ तीन वर्षं पहिल्या नंबरचा गिटारवादक ठरवलं. गोऱ्या माणसाच्या बँडमध्ये काळे आणि गोरे एकत्र वाजवतात हीच तेव्हा बातमी होती. स्टेजवर शेजारी, पण अनेक गावांत हॉटेलं वेगळी. पंक्तिभेदाची ओळख आपल्याला करून द्यायला नको, चर्चमधल्या बाकांवरही तो बसलेला असतो.

त्याच सुमारास मुंबईत ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझवाले वाजवत होते आणि पॅरिश शाळेत नोटेशन शिकून आलेली आमची गोवेकर माणसं त्यांच्याकडून जॅझ उचलत होती. तो वेगळा लेख होईल.

न्यूयॉर्कला असताना गुडमनचं काम संपलं की चार्ली गिटार उचलून हार्लेमला जायचा, मिंटन्स प्लेहाउसमध्ये. तिथे थेलोनियस मंक पियानोवर, केनी क्लार्क ड्रमवर, आणि अधूनमधून डिझी गिलेस्पी. पुढे ज्याला बीबॉप म्हणायला लागले ते या खोलीत शिजत होतं. क्लब चालवणाऱ्या टेडी हिलने चार्लीसाठी एक अँप खास विकत आणून तिथेच ठेवला होता, रोज वाहून आणायला नको म्हणून. दिवसा नोकरी म्हणावी अशी गोड, बेतशीर गाणी आणि रात्री पहाटेपर्यंत हे. मला वाटतं, त्याचं खरं बोलणं रात्रीचं आहे.

आणि तो खोकत होता. क्षय. 1940 मध्येच एकदा दवाखान्यात राहून आला होता. रात्रीची जागरणं, सततचा प्रवास, दारू, सिगारेट, आणि विश्रांती नाही. जून 1941 मध्ये त्याला स्टेटन आयलंडवरच्या सीव्ह्यू सॅनेटोरियममध्ये ठेवलं. गोऱ्या नर्स क्षयाच्या भीतीने निघून गेल्यामुळे तिथे शुश्रूषेला कृष्णवर्णीय नर्सच आणलेल्या होत्या. टेडी हिल रविवारी खायला घेऊन भेटायला जायचा. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं, होतं ते फक्त अंथरूण, हवा आणि वाट बघणं. 2 मार्च 1942 रोजी चार्ली गेला.

स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं. दीड वर्ष. आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आजही क्षयाच्या बहुतेक रुग्णांना ज्या गोळ्या मिळतात त्यातली आयसोनियाझिड, तिच्या पहिल्या चाचण्या 1950च्या दशकाच्या सुरुवातीला याच सीव्ह्यूमध्ये झाल्या. अंथरुणाला खिळलेले रुग्ण वॉर्डात नाचायला लागल्याचे फोटो तेव्हा छापून आले होते. चार्ली असता तर पस्तिशीचा असता. आमच्या गल्लीत एका घरी या गोळ्यांचं पाकीट खिडकीत असतं. मी येता-जाता ते बघते आणि मला हा वॉर्ड आठवतो.

त्याला बॉनहॅमला नेऊन पुरलं. कबरीवर दगडही नव्हता, तो बसायला 1994 साल उजाडलं. नाव मात्र त्याआधीच दुसरीकडे कोरलं गेलं होतं. गिब्सनच्या त्या पट्टीवाल्या पिकअपला जगभरचे गिटारवाले चार्ली ख्रिश्चन पिकअप म्हणतात. तो बनवणाऱ्या फुलरचं नाव मागे पडलं आणि वाजवणाऱ्याचं चिकटलं. नंतर बरेच सुधारित पिकअप आले. 1955 मध्ये सेथ लव्हरने दोन वेढे उलटसुलट जोडून विजेची घरघर मारणारा हंबकर काढला. तरी जुना जाड आवाज हवा म्हणून लोक अजून चार्लीवाला मागतात.

मिंटन्समधलं वाजवणं आपल्याला ऐकता येतं ते एका विद्यार्थ्यामुळे. जेरी न्यूमन, कोलंबिया विद्यापीठात शिकणारा पोरगा. तबकडीवर रेकॉर्डिंग करायचं यंत्र घेऊन तो क्लबात बसायचा. मे 1941 मधल्या त्याच्या तबकड्या राहिल्या, म्हणजे चार्ली सॅनेटोरियममध्ये जायच्या जेमतेम महिनाभर आधीच्या. आवाज खरखरीत आहे, मागे माणसं बोलतात. मी त्या हॉस्टेलच्या गच्चीवर इयरफोन लावून ऐकल्या, कारण खोलीत कुणाला तरी झोपायचं होतं. कुणाला ऐकायच्या असतील तर सांगा, लिंक पाठवते. आधी रोज रूमची गुडमनबरोबरची रेकॉर्ड ऐका, मग या.