सर जॉन हर्शेल

युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांचे जॉन हे एकुलते एक पुत्र. त्यांचा जन्म इ. स. १७९२ मध्ये इंग्लंडात झाला. पित्याप्रमाणे तेही थोर ज्योतिर्विद झाले. परंतु रसायनशास्त्राचाही त्यांना मोठा नाद होता.

१८३९ च्या आरंभी प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटविण्याच्या दोन कृती जाहीर झाल्या. फ्रान्समधील दागेर यांनी आपल्या चित्रांना स्वतःचेच नाव दिले. इंग्लंडमधील टॅल्बट यांची चित्रे नीट टिकत नसत. हायपो या द्रव्याच्या पाण्यात चांदीचे क्षार विरघळतात, हे हर्शेल यांनी वीस वर्षांपूर्वीच शोधले होते. त्यात धुतलेले चित्र टिकाऊ होई. ही युक्ती त्यांनी हातचे काही न राखता टॅल्बट यांना सांगितली.

त्याच वर्षी मार्चमध्ये रॉयल सोसायटीपुढे सादर केलेल्या निबंधात त्यांनी या कलेला फोटोग्राफी म्हटले. ग्रीक भाषेत फोस म्हणजे प्रकाश व ग्राफीन म्हणजे लिहिणे किंवा रेखाटणे. या नावात कोणा माणसाचे नाव नव्हते! ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्लोरांस या फ्रेंच गृहस्थांनी हाच शब्द १८३४ मध्ये आपल्या वहीत लिहिला होता. पण जगाला ते फार उशिरा कळले. निगेटिव्ह व पॉझिटिव्ह ही नावेही हर्शेल यांचीच. १८७१ मध्ये ते वारले.

फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांत फोटोग्राफी हा शब्द थोड्या फरकाने रूढ झाला. मराठीत मात्र प्रकाशाऐवजी छायेवरून छायाचित्र हा शब्द झाला.